गोजरबाईने बर्फात भरलेली नळी

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात टेकचंद शेठचा कुल्फीचा कारखाना होता आणि तिथे डबे भरण्याचं काम गोजरबाईकडे होतं. लग्नसराईत खोपोली, मुरबाड, पार शहापूरपर्यंत ऑर्डरी जायच्या. टेम्पो उघडे, रस्ते उन्हाचे, तेव्हा सगळी मदार डबा कसा भरलाय त्यावर. पत्र्याच्या पिंपात तळाशी भुसा, त्यावर गोणपाट, मग फोडलेला बर्फ, त्यावर जाडं मीठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ आणि मधोमध कुल्फीचे साचे. मीठ पडलं की बर्फाचा गारठा असा वाढतो की बोट लावलं तर चटका बसतो. किती घालायचं ते गोजरबाईच्या मुठीला कळायचं. टेकचंद शेठ गिऱ्हाइकाला सांगायचा, "हमारी बाई का भरा डब्बा है. बारात लेट हो जाएगी, कुल्फी नहीं पिघलेगी."

ती राहायची अंबरनाथ पश्चिमेला, चाळीतल्या दोन खोल्यांत. नवरा रामभाऊ आनंदनगरला एका कंपनीत फिटर. मूळचं घर वांगणीचं. तिथे रामभाऊचा थोरला भाऊ आण्णा शेती बघायचा आणि दोन्ही घरांचे निर्णयही तोच घ्यायचा. मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, खोली कधी घ्यायची, सगळं आण्णाने ठरवलं. रामभाऊने त्यावर कधी ब्र काढला नव्हता. आण्णा वाईट माणूस नव्हता. गोजरबाईच्या सुदामला भात कापल्यानंतरच्या खाचरात कबड्डी शिकवली ती त्यानेच. पोर पडलं की उचलायचा नाही, म्हणायचा, "रेषेला हात लागला का ते सांग, रडू नंतर."

ती कबड्डीच नडली. त्र्याण्णव सालच्या हिवाळ्यात बदलापूरला सामने होते. सुदाम तेव्हा आयटीआय करून नुकताच कामाला लागला होता. चढाई करून परत येताना त्याने रेषेकडे झेप घेतली, ती जरा जास्तच लांब गेली. मैदान सारखं करायचा दगडी रोलर कुणीतरी कडेलाच सोडला होता, त्यावर डोकं आदळलं. पोरगा उठला, पंचाकडे बघून बोट वर केलं, दोन पावलं चालला आणि खाली कोसळला. रिक्षात त्याला उलट्या झाल्या. उल्हासनगरच्या इस्पितळात आणेपर्यंत तो हाकेला ओ देईनासा झाला होता.

ठाण्याला नेऊन डोक्याचा फोटो काढून आणला. तो बघून तरुण डॉक्टर रोहरा म्हणाला, "आत मोठी गाठ नाही. ऑपरेशन करून काढावं असं काही नाही. पण मेंदू सुजलाय. श्वास मशीनवर ठेवावा लागेल."

"उठेल कधी?" गोजरबाईने विचारलं.

"ते नाही सांगता येत."

हे वाक्य तिने पुढे इतक्यांदा ऐकलं की डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आतच तिला ते ऐकू यायचं. मुलगा समोर आहे, छाती वरखाली होतेय, अंग गरम आहे, आणि तो आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. तिला वाटायचं, वाईट असेल तर वाईट सांगा, पण काहीतरी सांगा.

म्हणूनच रोहराने रक्ताचा विषय काढला तेव्हा ती त्याला चिकटून बसली. रोहरा उल्हासनगरातच वाढलेला सिंधी मुलगा, मराठी चांगलं बोलायचा, घाईत असला की हिंदीवर घसरायचा. मुंबईत परळच्या एका मोठ्या इस्पितळातले त्याचे सर एक अभ्यास करत होते आणि त्यांच्यासाठी तो इथल्या पेशंटांचं रक्त पाठवायचा.

"डोक्याला मार लागला की मेंदूतल्या पेशी फुटतात," त्याने तिला आणि रामभाऊला समजावलं. "त्यांच्यातला एक पदार्थ रक्तात उतरतो. तो किती उतरला हे मोजलं तर आतलं नुकसान किती आणि पेशंट पुढे कसा राहील, याचा अंदाज येईल असं वाटतंय. अजून नक्की नाही. अभ्यासच चाललाय."

"म्हणजे रक्तावरून कळेल, हा उठेल का?"

"अंदाज, बाई. नुसता अंदाज."

"कळू दे," ती म्हणाली.

रक्त काढलं तो शुक्रवार होता. शुक्रवारी कारखान्यांची वीज बंद असायची, त्या दिवशी इस्पितळाचीही गेली. जनरेटरवर सुदामच्या श्वासाचं मशीन चालू होतं, दुसरं काही जोडायला रोहराचा जीव धजेना. काढलेलं रक्त खरं तर यंत्रात गरगर फिरवून त्याच्या वरचं पिवळं पाणी तेवढं पाठवायचं असतं. ते राहिलं. त्याने रक्ताची नळी तशीच बूच लावून गोजरबाईच्या हातात दिली. "एरवी मी स्वतः नेतो. आज जागेवरून हलता येणार नाही. कुणी आजच्या आज परळला पोचवेल? थंड राहिलं पाहिजे."

"थंड म्हणजे किती थंड?"

तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची शुद्ध जायला लागली आणि सिस्टरने हाक मारली. रोहरा वळता वळता म्हणाला, "भरपूर थंड. गरम नहीं होना चाहिए, बस."

गोजरबाईने नळी पदरात गुंडाळली आणि तडक कारखाना गाठला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिला तिच्या हातचं काम मिळालं होतं. मुलाच्या नाकातल्या नळ्या तिला कळत नव्हत्या, मशीनवरचे आकडे कळत नव्हते. गारठा कळत होता. टेकचंद शेठने स्वतः बर्फ फोडून दिला. त्याने लहान डबा शोधला, तिने तळाशी भुसा दाबला, नळी मऊ कापडात गुंडाळली, बर्फ, मीठ, बर्फ, मीठ, वरून गोणपाट. चाळीतला शेजारी श्रीपाद परळला एका ऑफिसात होता, दुपारपाळीला निघाला होता. त्याला स्टेशनवर गाठून त्याच्या हाती डबा दिला.

"काकू, वाटेत कुणी चमचा मागितला तर?" श्रीपादने तिला हसवायला म्हटलं.

"मेल्या, तोंड बंद ठेव आणि डबा सरळ धर."

तिला हसू आलं होतं, खरं म्हणजे. लगेच तिने ते गिळलं, जसं काही हसल्यामुळे तिकडे त्या खाटेवर काही बिघडेल.

सोमवारी मुंबईहून आकडा कळला. आण्णा वांगणीहून आला होता, त्याने रोहराला व्हरांड्यात गाठलं. "डॉक्टर, वरवरचं नको. आम्ही शेतकरी माणसं, आम्हाला सरळ सांगा."

रोहराने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आकडा फार मोठा आहे. आतापर्यंत एवढा आकडा ज्यांचा आला, त्यांच्यातलं कुणी..." तो थांबला. "पण एका आकड्यावर ठरवू नका."

हे दुसरं वाक्य कुणाच्या कानापर्यंत पोचलंच नाही. रामभाऊ भिंतीला पाठ लावून खाली बसला. आण्णाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. गोजरबाई त्या दोघांच्या मागे उभी होती. तिने मागितलं होतं ते तिला मिळालं होतं. कुणीतरी काहीतरी सांगितलं होतं.

संध्याकाळी आण्णाने निर्णय सांगितला. "रामा, नळ्या घालून पोराला ठेवण्यात काय अर्थ आहे? उद्या जीप आणतो. वांगणीला नेऊ. आपल्या ओटीवर, आपल्या माणसांत जाऊ दे त्याला. तुझी वहिनी इस्पितळात वारली तेव्हा तिच्याजवळ कुणी नव्हतं. मला ते अजून..." रामभाऊने मान हलवली.

मशीन काढलं की काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. वांगणीपर्यंतसुद्धा तो पोचेल की नाही, हेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात जीप उभी राहिली. गोजरबाई खाटेच्या पायथ्याशी सुदामचा पाय धरून बसली होती. सिस्टर घशातली थुंकी खेचायला नळी घालायची तेव्हा त्याच्या पायाची बोटं आखडायची, हे तिने पाहिलं होतं. तिने ते रोहराला सांगितलंही होतं. तो म्हणाला होता, "आपोआप होतं ते, बाई. त्यावर भरवसा ठेवू नका." तरी ती पाय सोडत नव्हती.

आण्णा आत आला. मागे रामभाऊ. रोहरा मशीनपाशी उभा होता, काढायच्या आधी शेवटचं सगळं तपासत होता, आणि कुणाकडे बघत नव्हता.

"गोजरे, ऊठ. जीप आलीय."

"मी नाही उठणार."

"डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना?"

"डॉक्टर नाही म्हणाले. रक्त म्हणालं."

"अगं, एकच ते."

"एकदाच तपासलंय. पुन्हा तपासा."

"पुन्हा तपासून काय निराळं निघणार?" आण्णाचाही धीर सुटत चालला होता. "पोराचे हाल करतेस तू. का रक्त पाठवण्यातच काही घोळ घातलास? कुल्फीवालीच्या हाती रक्त दिलं, तिथेच..."

गोजरबाई ताडकन उठली. एवढ्या दिवसांत ती रडली नव्हती, आताही रडली नाही, ओरडली. "माझ्या भरण्याला नाव ठेवायचं नाही, आण्णा! बाकी काय वाटेल ते बोला. इतकी वर्षं डबे भरतेय, एकाने परत आणून दिला नाही. एक थेंब वितळला नव्हता. विचारा श्रीपादला! परळला उघडलं तेव्हा नळीतलं रक्त दगडासारखं होतं, दगडासारखं!"

रोहराचा मशीनवरचा हात थांबला. "काय म्हणालात?"

"दगडासारखं गार. तुम्हीच म्हणालात ना, भरपूर थंड."

"गार की कडक?"

"कडक. टण्ण. मीठ घातलं होतं ना बर्फात. नुसत्या बर्फाने एवढं होत नाही." तिच्या आवाजात अजून तोच ताठा होता. मग तिने त्याचं तोंड पाहिलं. "का? काय झालं?"

रोहरा स्टुलावर बसला. "बाई, रक्त गार ठेवायचं होतं, गोठवायचं नव्हतं. पाणी वेगळं न काढता ते गोठलं की त्यातल्या लाल पेशी फुटतात. आणि तो जो पदार्थ आम्ही मोजतो ना, तो या लाल पेशींतसुद्धा असतो. सगळा बाहेर येतो. आता तो मेंदूतून उतरला की नळीतच फुटून आला, मोजणाऱ्या मशीनला काय कळणार?"

खोलीत नुसता मशीनचा आवाज. भस्स, थांब, भस्स.

"म्हणजे मी," गोजरबाई म्हणाली. "मी केलं."

"मी केलं. मी नीट सांगितलं नाही. आणि तिकडेही रक्त लालभडक दिसल्यावर कुणीतरी विचारायला पाहिजे होतं."

"म्हणजे पोरगा बरा आहे?" आण्णाने विचारलं.

"असं मी म्हणत नाही," रोहरा घाईने म्हणाला. "आकडा खोटा आहे, इतकंच. खरा आकडा चांगला असेल, नाहीतर तोही वाईटच असेल. मला माहीत नाही. सच में मालूम नहीं."

बाहेर जीपवाल्याने हॉर्न वाजवला. एकदा, मग जरा वेळाने पुन्हा. आण्णाने भावाकडे पाहिलं. रामभाऊ खाटेच्या लोखंडी दांडीला धरून उभा होता.

"आण्णा, जीप परत पाठव."

"रामा, उद्या यांनी पुन्हा तेच सांगितलं तर?"

"तर उद्या बघू. आज नाही."

आण्णा त्याच्याकडे बघतच राहिला. मग टोपी डोक्यावर घालून बाहेर गेला. गोजरबाईला वाटलं, हा आता रागाने निघून जाणार, पुन्हा उंबऱ्यात येणार नाही. जीप गेल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने आण्णा चहाची किटली घेऊन परत आला, भिंतीशी जमिनीवर बसला आणि कुणाला काही न विचारता कप भरायला लागला.

दुसऱ्यांदा रक्त काढलं तेव्हा रोहराने ते समोरच यंत्रात फिरवलं, वरचं पिवळसर पाणी वेगळ्या नळीत घेतलं आणि दुसऱ्या डॉक्टरला ड्यूटीवर बसवून स्वतः मुंबईला गेला. गोजरबाईने त्या नळीला हात लावला नाही. दोन्ही हात पदराखाली घालून ती लांब उभी राहिली. या हातांनी भरलेल्या डब्यामुळे पोराचं मशीन निघणार होतं. नुसती वायर ओढायची बाकी राहिली होती. आणि आण्णाने डब्याला नाव ठेवलं नसतं, तर ती कशाला बोलली असती? या विचाराशी आलं की तिला पुढे जाता येईना, ती पुन्हा मागे फिरायची.

आकडा आला. रोहराने या वेळी सगळ्यांना बसवून सांगितलं, आणि आधी ते दुसरं वाक्य सांगितलं. "एका आकड्यावर काही ठरत नाही, हे पहिलं ऐका. आकडा चांगला नाही. पण त्या दिवशीच्या जवळपासही नाही. मधला आहे. अशा आकड्याचे काही गेले, काही उठले."

"मग आम्ही काय समजायचं?" रामभाऊने विचारलं.

"समजायचं काही नाही. मशीन चालू ठेवायचं."

ते चालू राहिलं. सुदामला थंडीताप आला, छाती भरली, एकदा तर रोहराने गोजरबाईला बाहेर काढून दार लावून घेतलं आणि ती दाराच्या फटीला डोळा लावून उभी राहिली. मग एका सकाळी मशीनच्या श्वासाशी त्याचा श्वास भांडायला लागला. मशीन आत ढकलायचं, हा बाहेर सोडायचा. सिस्टर हसली, गोजरबाई घाबरली. "अहो, चांगलं आहे ते," सिस्टर म्हणाली. "तो म्हणतोय, माझा मी घेतो."

डोळे उघडले त्यानंतर. उघडले, पण तिच्यावर ठरायचे नाहीत. घरी आणला तेव्हा तो तिला "बाई" म्हणायचा, जशी शाळेतल्या बाईंना मारतात तशी हाक. पुढे कधीतरी जेवताना "आई, मीठ" म्हणाला आणि तिच्या हातातलं भांडं निसटलं.

पावसाळ्याच्या तोंडावर डॉक्टर रोहरा चाळीत आला. सुदाम कॉटवर बसून पट्ट्याच्या बुटात पाय घालायची खटपट करत होता. बोलणं सावकाश झालं होतं, उजव्या हातातून वस्तू पडायच्या, राग एकदम यायचा आणि मग तो रागाचं कारण विसरायचा. त्याला एकटं ठेवत नव्हते. रामभाऊने रात्रपाळी मागून घेतली होती. सकाळी तो घरी असायचा, गोजरबाई कारखान्यातून आली की ती.

"सहा महिन्यांनी पेशंट कुठवर आलाय ते बघायचं असतं," रोहरा म्हणाला. "त्या आकड्याशी ताडून पाहतात. त्याच्यासाठीच आलोय. आंघोळ स्वतः करतो?"

"करतो. पाठ मी चोळते."

"पैसे ओळखतो?"

"ओळखतो."

"एकटा बाहेर जातो?"

"नाही."

"जात नाही, की तुम्ही जाऊ देत नाही?"

"जाऊ देत नाही," सुदाम बुटाकडे बघत म्हणाला.

रोहराने नाक्यावरच्या दुकानातून साबण आणि काडेपेटी आणायला सांगितली. गोजरबाई म्हणाली, पाऊस येईल. मग म्हणाली, मी गल्लीच्या तोंडापर्यंत जाते. "बाई," रोहरा म्हणाला, "तुम्ही गेलात तर मला काही कळणार नाही." सुदाम उंबरा ओलांडून गेला. उजवा पाय किंचित फरफटत होता, तो दिसेपर्यंत ती बघत राहिली.

नाका लांब नव्हता. तिने चहा टाकला, उतू गेला, पुन्हा टाकला. रोहरा रामभाऊच्या कंपनीबद्दल काहीबाही विचारत होता, ती हो-नाही म्हणत होती. बाहेर टेम्पोचा ब्रेक करकचून वाजला आणि ती दारात होती. काही नव्हतं. दुकानातून परतायला एवढा वेळ लागत नाही. रोहराच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण त्याने बोलणं थांबवलं आणि घड्याळाकडे पाहिलं. आणखी थोड्या वेळाने तोच उठून उभा राहिला.

"चला," तो म्हणाला.

ती चपला न घालताच धावली. गल्लीच्या तोंडाशी दोन्हीकडे पाहिलं. नाक्याच्या बाजूला तो नव्हता. भाजीच्या गाड्या, सायकली, शाळा सुटलेली पोरं, आणि तिचं पोर नाही.

मग तो उलट्या बाजूने, स्टेशनच्या अंगाने येताना दिसला. हातात साबणाची वडी होती.

"कुठे गेला होतास?"

"चुकलो."

"मग?"

"मग विचारलं."

"कुणाला विचारलंस?"

"माणसाला!" तो एकदम खवळला. "माणसाला विचारलं. तू रस्त्यात अनवाणी कशाला उभी आहेस? लोक बघतात."

रोहरा जरा मागे थांबला होता. घरी आल्यावर, चहा घेताना तो म्हणाला, "मध्यम. आधार लागतो, पण स्वतःचं स्वतः निभावू शकेल. मी सरांना तसं सांगेन."

"आकडापण मधलाच होता ना?" गोजरबाईने विचारलं. "मग खरा निघाला म्हणायचा."

"एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, बाई."

तो गेल्यावर सुदामने साबणाची वडी मोरीच्या कट्ट्यावर ठेवली. हातातून निसटली, त्याने वाकून उचलली आणि पुन्हा ठेवली. गोजरबाईचा हात पुढे झाला होता, तो तिने मागे घेतला.

"काडेपेटी राहिली," तो म्हणाला. "उद्या मी जाणार."

गोजरबाई मोरीशी बसली. कपबशा विसळून झाल्या, पालथ्या घालून झाल्या.

"सकाळी जा," ती म्हणाली. "दुपारी टेम्पो फार असतात."